आजोबांना आधी घोडीवरून उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचा पांढऱ्या घोडीवरचा फोटो छापला आहे. घोडीवर बसताच त्यांना सारे आठवू लागले, असे मथळा म्हणतो. आजोबांच्या चेहऱ्यावर तसे काही दिसत नाही. त्यांचा डावा हात पाहा, घोडीवाल्याच्या सदऱ्याची कॉलर मुठीत आवळून धरली आहे. पाय रिकिबीत नाहीत, नुसते लोंबताहेत. मागे मंडप, भोंगा आणि टाळ्या पिटणारे पाहुणे. याला आपण अश्वोपचार म्हणता!

घोडी वरातीची आहे, हे शेंबडे पोरही सांगेल. पायात घुंगरू, कपाळावर तुरा. असल्या घोडीला ढोलावर पुढचे पाय उचलायला शिकवलेले असते. पाहुण्यांच्या टाळ्यांनी ठेका धरला असता तर तिने तेच केले असते, आणि त्यात तिचा काही दोष नसता. चौदा मुठी उंचीच्या जनावराची पाठही जमिनीपासून साडेचार फुटांवर असते. ऐंशीच्या घरातला माणूस तिथून पडला तर खुबा मोडतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डोक्याचा साधा मारही जिवावर बेततो. आजोबांच्या गोळ्यांची चिठ्ठी कुणी पाहिली होती का? लगाम काटेरी होता की साधा, ते फोटोत कळत नाही. काटेरी असेल तर ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी त्याला बंदी आहे, एवढे आयोजकांनी पाहून ठेवावे.

बातमीत ‘परदेशातील संशोधन’ असे दोन शब्द टाकून वार्ताहर मोकळे झाले. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास म्हणायचा असेल, तर त्यात अल्झायमरचे अवघे 16 रुग्ण होते. आठवड्यातून एकदा, असे महिनाभर त्यातल्या आठ जणांना तबेल्यात नेले. त्यांनी घोड्यांना खरारा केला, अंघोळ घातली, धरून फिरवले, बादलीतून गवत चारले. ही सारी जमिनीवर उभे राहून करायची कामे. तबेल्यात नेले त्या दिवशी चिडचिड, चुळबुळ कमी झाली, असे आढळले. गेलेली आठवण परत आली असा दावा त्यात नाही.

करायचेच असेल तर असे करा. जनावर वयस्क, खच्ची केलेले, शांत निवडा. माजावर आलेली घोडी किंवा खच्ची न केलेला घोडा नको. वेळ सकाळची, कारण दुपार कलल्यावर या रुग्णांचा गोंधळ वाढतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तर नवाच्या आत उरकलेले बरे. पहिल्या दिवशी फक्त दहा-बारा फुटांवर खुर्ची टाकून बघू द्या. दुसऱ्या खेपेला जवळ न्या, तेही डाव्या खांद्याच्या बाजूने. घोड्याला कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. तिथून कुणी गेले तर तो दचकतो आणि दुगाण्या झाडतो. एका रुग्णामागे माणसे दोन, एक घोड्याकडे, एक आजोबांकडे. घोडा धरणारा आजोबांच्याच बाजूला उभा राहील. तो पलीकडे राहिला तर बिथरलेले जनावर आजोबांच्याच अंगावर येते. मोरकीची, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधलेली, दोरी हाताला गुंडाळायची नाही. खरारा रबराचा, पाठीला पट्टा असलेला, म्हणजे पकड सैल झाली तरी हातातून निसटत नाही. मान आणि खांदा एवढेच घासू द्या. पोट व बगल संवेदनशील, तिथे हात लागला की घोडा पाय आपटतो. पायात चप्पल चालणार नाही, बंद बूट हवेत. खाऊ हातावर द्यायचा नाही. स्मृतिभ्रंशाचा माणूस मूठ मिटतो आणि घोडा गाजराबरोबर बोटेही चावतो. घमेल्यात घाला. पंधरा-वीस मिनिटे झाली की बस, मग साबणाने हात धुवा. लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून त्याची लस आधीच टोचलेली हवी. घोड्याची ग्लँडर्सची तपासणीही हवी, तो रोग माणसालाही होतो. आणि प्रत्येक खेपेला नव्याने विचारा. कालचा होकार आज धरायचा नाही. कान मागे पाडलेला घोडा आणि मुठी आवळलेले आजोबा, दोघेही नाहीच म्हणत असतात.

खरे म्हणजे घोडाच कशाला? विदर्भातल्या खेड्यात घोडा लग्नापुरता. ज्याने पन्नास वर्षे वखर-डवरा हाकला, त्याच्या हातांना बैल ओळखीचा. नाव-गाव विसरले तरी हातांची सवय बरीच उशिरापर्यंत टिकते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला हळद-लोणी त्याच्या हातावर ठेवा, बैलाच्या खांद्याला कसे चोळायचे ते सांगावे लागणार नाही. अर्थात बैल म्हातारा, मारका नसलेला, आखूड बांधलेला हवा, आणि माणूस शिंगांच्या पल्ल्याबाहेर खांद्यापाशी उभा हवा. माशी बसली की बैल मान झटकतो. हे घरच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, होते, मंडप लागत नाही, म्हणून कुणी उद्घाटनाला येत नाही.

फोटोखालच्या ओळीत आजोबांचे गाव, आडनाव आणि आजार तिन्ही छापले आहेत. होकार कुणाचा घेतला? वर ‘वेडसर’ हा शब्द. मेंदूचा आजार आहे तो, शिवी नाही.

आणि आपले ज्येष्ठांचे पान! राखाडी चौकटीत पांढरी अक्षरे, तीही मुंगीएवढी. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती चौकट म्हणजे नुसता डाग दिसतो. हे पत्र छापणार असाल तर कृपया त्या पानावर छापू नका.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. समुद्रपूर, जि. वर्धा