‘एकट्याने’ विमान बांधलं असं कृपया छापू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या गॅरेजमधे विमान बांधणाऱ्या माणसावर लेख आला होता. फोटो झकास, पण हेडिंगमधेच ‘एकट्याने’ आणि आत परत तीनदा ‘एकट्याने’, तेवढ्यासाठी हे पत्र. मोबाईलवर टाइप करतोय, नातीने मराठी कीबोर्ड लावून दिलाय, काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

मी ओझरचा. इथल्या एचएएलच्या विमान कारखान्यात 35 वर्षं शीट मेटलला काढली, आयटीआय करून लागलो तेव्हा शॉपमधे मिग-21 होतं आणि सुटलो तेव्हा सुखोई-30. म्हणजे विमानाचा पत्रा आणि रिव्हेट सोडून मला फारसं काही कळत नाही, पण त्यातलं कळतं.

गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर मुलाकडे अमेरिकेत होतो, विस्कॉन्सिनला. आता आमच्यासारख्या आईवडलांचे तिकडचे सहा महिने कसे जातात हे तुमच्या निम्म्या वाचकांना माहिती असेल, सकाळी नातीला बसपर्यंत सोडा, मग भाजी चिरा, मग खिडकीत बसून खारी बघा. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीत बसलेलो आणि शेजारच्या गॅरेजमधून आवाज आला, टर्रर्र, थांबला, परत टर्रर्र. रिव्हेट गन! तो आवाज मी झोपेतही ओळखेन. चप्पल घातली आणि सरळ गेलो. मुलगा नंतर चिडला, बाबा इथे असं न विचारता कुणाच्या गॅरेजमधे जायचं नसतं. बरोबर आहे त्याचं, पण मी गेलोच.

आत एक दाताचा डॉक्टर, पन्नाशी-पंचावन्नचा, आणि त्याच्यासमोर लाकडी स्टँडवर विमानाचा डावा पंख. किट होतं व्हॅन्स कंपनीचं, आरव्ही-7, दोन सीटचं. ही कंपनी ओरेगॉन राज्यातल्या अरोरा गावात आहे, पत्रा कापून, भोकं पाडून, खोक्यात घालून घरी पाठवतात, आधी शेपटीचं किट, मग पंखांचं, मग मधली बॉडी, मग बाकीचं फिनिशिंग. इंजिन आणि पुढचा पंखा (प्रोपेलर) वेगळा घ्यायचा. असं पार्ट पार्टमधे घेतल्यामुळे पैसेही पगारातून जमत जातात. त्यांची अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी अशी बांधून उडवलेली आहेत, त्यामुळे हे कुणा वेड्याचं काम आहे असं समजू नका. पण बांधायला वर्षं लागतात, संध्याकाळी दोन तास आणि शनिवार-रविवार, असं करत करत.

डॉक्टर एका हाताने गन आणि दुसऱ्या हाताने मागून लोखंडी ठोकळा धरायला बघत होता. त्या ठोकळ्याला ते बकिंग बार म्हणतात, आम्ही डॉली म्हणायचो. आता रिव्हेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडायचा डोकं असलेला छोटा धातूचा खिळा. दोन पत्र्यांतून तो घालायचा, पुढून गनने ठोकायचा आणि मागून डॉली दाबून धरायची, म्हणजे मागचं टोक चेपून पसरतं. पसरलेलं डोकं दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्म्याएवढं उंच झालं पाहिजे, कमी चेपला तर ढिला, जास्त चेपला तर पत्रा फाकतो. डॉली जरा तिरकी झाली की डोकं एका बाजूला लोळतं. गन निसटली की पत्र्यावर चंद्रकोरीसारखा ठसा उमटतो, तिकडे त्याला स्मायली म्हणतात, हसायचं कारण काही नसतं त्यात. टोकाला हात पोचतो तिथे एक माणूस दोन्ही करू शकतो, पण पंखाच्या मधोमध तुम्ही मारुतीराय असाल तरी दुसरा माणूस लागतोच. म्हणजे ‘एकट्याने’ हा शब्द तिथेच खलास झाला साहेब, पहिल्या पत्र्यावर.

मी काही बोललो नाही, इंग्रजी आपलं कामापुरतं, डॉली त्याच्या हातातून घेतली आणि मागे जाऊन बसलो. त्याने एक मारला. मी पत्र्यावर एकदा टकटक केलं. त्याने परत मारला. मग मी दोनदा टकटक केलं आणि तो हसायलाच लागला. कारण एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झाला, तीन म्हणजे बिघडला, ड्रिल करून काढ. हे ओझरला उस्तादांनी शिकवलेलं, आणि तेच त्यांच्या अमेरिकन पुस्तकातही लिहिलंय, मला तरी माहिती नव्हतं. आमच्या रशियन विमानांचे रिव्हेट मिलिमीटरमधे, इथे सगळं इंचात, तीन बत्तीसांश आणि एक अष्टमांश, पण हाताला त्याने काही फरक पडत नाही.

मग रोजचंच झालं. सौ. म्हणाली घरात कधी एवढं काम केलं नाही. (खरं आहे.)

आता जे सांगायचंय ते. तिकडे सरकारी नियम असा आहे की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलेलं पाहिजे, तरच ते ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून रजिस्टर होतं. सगळे त्याला 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. गंमत अशी की ती माणसं किती असावीत याला मर्यादा नाही. मित्र, शेजारी, बायको, शेजाऱ्याचे इंडियातून आलेले वडील, सगळे चालतात, पैसे देऊन करून घेतलेलं काम मात्र त्यात धरत नाहीत. मुलगा चेष्टेत म्हणायचा, बाबा तुम्ही टुरिस्ट व्हिसावर, एक डॉलर जरी घेतलात तर तुमचा व्हिसा जाईल आणि त्याचे टक्के जातील. म्हणून मी कॉफी आणि पिझ्झ्यावर काम केलं. डॉक्टर रोजच्या कामाचे फोटो काढून वहीत तारीख-तास लिहायचा, इन्स्पेक्टरला दाखवायला, आणि त्या वहीत माझंही नाव आहे.

त्या गॅरेजमधे कोण कोण यायचं बघा. एक बाई विमान कंपनीत मेकॅनिक, ती वायरिंग बघायला. एक आजोबा, वय 80 च्या पुढे, त्यांनी स्वतःचं विमान कधीच बांधून उडवलेलं, ते फक्त बसायचे आणि बोलायचे, पण एकदा त्यांनी बसल्याबसल्या सांगितलं की ही ब्रॅकेट उलटी लागलीय, आणि खरंच उलटी होती. पत्र्याला डिंपल, म्हणजे रिव्हेटचं डोकं बसायला खळगा, पाडायची एक मोठी सी-फ्रेम होती ती कुणाची आहे हे कुणालाच नक्की माहिती नव्हतं, या गॅरेजमधून त्या गॅरेजमधे फिरत असते म्हणे, आपल्याकडे लग्नाची मोठी पातेली फिरतात तशी. एक तरुण पोरगा यायचा, उत्साही पण घाईचा, दोन स्मायली त्याच्याच, डॉक्टर काही बोलला नाही पण नंतर त्याला रिव्हेटऐवजी पत्र्याच्या कडा घासायला दिल्या. मदत करणारा प्रत्येक जण कामाचा असतोच असं नाही, हेही लिहायला पाहिजे.

आणि एक होता टेक्निकल काउन्सेलर. हा माणूस महत्त्वाचा. तिकडे ईएए म्हणून हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना आहे, 1953 मधे मिलवॉकीला पॉल पोबेरेझ्नी या माणसाने काढली, आता गावोगावी तिचे चॅप्टर आहेत. जुन्या अनुभवी बांधणाऱ्यांना ते काउन्सेलर नेमतात, तो बोलावलं की येतो, पैसे घेत नाही, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत डोकावतो आणि कुठे चुकलंय ते तोंडावर सांगतो. आमच्याकडे ओझरला करणारा वेगळा आणि तपासून शिक्का मारणारा वेगळा, स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. हौशी माणसाला कोण शिक्का मारणार? म्हणून हा काउन्सेलर. सरकारी इन्स्पेक्टर शेवटी एकदा येतो, तोपर्यंत निम्मं काम पत्र्याआड गेलेलं असतं.

त्याने आमच्या पेट्रोलच्या टाकीवर बोट ठेवलं. या विमानात टाकी पंखाच्या पुढच्या कडेतच असते, जोड एका काळ्या सीलंटने भरतात, वास आठवडाभर अंगाचा जात नाही, सौ.ने मला दोन दिवस बाहेरच्या खोलीत झोपवलं. टाकी गळते का बघायला एका नळीला साधा वाढदिवसाचा फुगा लावतात, किंचित हवा भरतात आणि जोडांवर साबणाचं पाणी. रात्री फुगा टम्म होता, सकाळी मलूल. आम्ही दोघं हादरलो, डॉक्टर तर टाकी उघडायला निघाला होता. काउन्सेलर म्हणाला थांबा, रात्री गार पडलं होतं, हवा आकसली असेल, दुपारपर्यंत बघा. दुपारी फुगा परत टम्म. पण साबणाच्या पाण्यात एका रिव्हेटपाशी बारीक बुडबुडे दिसले, ते खरं गळत होतं, आणि तो रिव्हेट, काय लपवायचं, माझ्या बाजूचा होता. 35 वर्षांचा अनुभव. तीनदा टकटक केलं आणि ड्रिल घेतलं.

जुलैच्या शेवटी मला विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉशला नेलं त्यांनी, ईएएची जत्रा असते तिथे दरवर्षी आठवडाभर. जत्राच म्हणतो, पंढरीच्या वारीसारखे लोक विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. तिथे 2014 मधे ईएएने एका आठवड्यात झेनिथ कंपनीचं एक किट विमान उभं करून दाखवलेलं, आणि परत 2018 मधे आरव्ही-12, येणाऱ्याजाणाऱ्याला एक एक रिव्हेट मारायला देऊन, हजारो लोकांनी हात लावला त्याला. त्या विमानाचं हेडिंग तुमच्या पेपरने काय दिलं असतं?

आपल्याकडचंही बोलतो. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीला चारकोपमधे घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, ते तर किटही नव्हतं, 2016 च्या फेब्रुवारीत बीकेसीला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलेलं. नोंदणी व्हायला नोव्हेंबर 2017 आणि उडवून बघायची परवानगी मिळायला 2019 उजाडलं. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण मी दुसऱ्या एका पोराबद्दल लिहायला बसलोय खरं तर. 2021 च्या ऑगस्टमधे यवतमाळ जिल्ह्यात एक तरुण कारागीर, शाळा अर्धवट सुटलेली, वेल्डिंगचं काम करणारा, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. मागचा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्याला लागला. तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या, गावचा रँचो वगैरे. मी ती बातमी वाचली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण त्या पोराचा हात चांगलाच असणार, पत्रा वळवणारी माणसं मला फोटोवरून कळतात. त्याच्याकडे कष्ट होते, डोकं होतं. टॉर्च घेऊन येणारा आणि थांब, हे चालू करू नकोस म्हणणारा कुणी आला होता का, एवढंच मला कुणी विचारलेलं दिसलं नाही. कौतुक करायला मात्र सगळे जातात, पेपरवालेसुद्धा.

म्हणून ‘एकट्याने’ हा शब्द मला टोचतो. तो वाचून उद्या कुठल्या तरी तालुक्यात एखादा पोरगा दार लावून कामाला लागेल, कुणाला सांगणार नाही, म्हणजे सगळं श्रेय आपलं. तिकडे बांधून झाल्यावरही लगेच शेजाऱ्याला बसवून फिरवता येत नाही, आधी सहसा 25 किंवा 40 तास ठरवून दिलेल्या भागातच उडवून बघायचं, प्रवासी अजिबात घ्यायचा नाही. आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते की हे विमान हौशी माणसाने बांधलंय. मला ती पाटी फार आवडली, सरळ लिहिलंय, लपवाछपवी नाही.

ओझर, नाशिक, सिडको, तिथे आमच्यासारखे निवृत्त फिटर, इन्स्पेक्टर, इलेक्ट्रिकलवाले गल्लोगल्ली आहेत, सकाळी वॉकिंग ट्रॅकवर बीपीच्या गोळ्यांवर चर्चा करतात. कुणी काही बनवत असेल, विमान नाही, ड्रोन असू दे, पॅरामोटर असू दे, तर आम्हाला हाक मारा, चहा पाजा, आम्ही टॉर्च घेऊन येतो. नियमांचं सरकार बघेल.

डॉक्टरचं विमान अजून उडालेलं नाही, बॉडीचं काम चाललंय, व्हॉट्सॲपवर फोटो येतात आणि मी झूम करून रिव्हेट बघतो. पंखाचा खालचा पत्रा बंद करायच्या आधी, त्याला हात कोपरापर्यंत आत घालून काम करावं लागतं, दंड सोलून निघतात, तर तो बंद करायच्या आधी आतल्या बाजूला सगळ्यांनी सह्या केल्या. तो तरुण पोरगा पेन्सिल घेऊन आला, मी हिसकावून घेतली, शिशाच्या पेन्सिलीने ॲल्युमिनियमला गंज लागतो, मार्करने कर म्हटलं. मी मराठीत सही केली, खाली ‘ओझर मिग’ लिहिलं. अकरा सह्या आहेत तिथे, डॉक्टरची धरून.

तेव्हा पुढच्या रविवारी चूकभूल द्यावी घ्यावीच्या चौकटीत तेवढा एक शब्द दुरुस्त करा. ज्यांनी लेख लिहिला त्यांना ओझरला पाठवलंत तर मी पत्र्याचे दोन तुकडे आणि चार रिव्हेट घेऊन बसतो, स्वतः मारून बघू देत. फक्त येताना फोटोग्राफरला आणा म्हणावं, डॉली धरायला कुणीतरी लागेल.

आपला,
एक निवृत्त फिटर, ओझर (ता. निफाड, जि. नाशिक)