‘करमुक्त’ व्याज आणि अडकलेला क्लिअरन्स

महोदय,

परदेशात स्थायिक झालेल्या मुलाच्या नावे पुण्यात ठेवलेल्या मुदतठेवीचा त्याच्या तेथील नोकरीशी संबंध येऊ शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते, आणि मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे.

माझा पुतण्या अमेरिकेचा नागरिक असून तेथील संरक्षण खात्याची कामे घेणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. गोपनीय प्रकल्पावर काम करण्यासाठी त्याला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, मिळवायचा होता. त्यासाठी भराव्या लागणाऱ्या ‘एसएफ-86’ या अर्जात, मागील सात वर्षांत करविवरणपत्र किंवा कर भरायचा राहिला आहे का, असा थेट प्रश्न असतो. त्याचे उत्तर लिहिताना जुने कागद तपासले, तेव्हा कोथरूडमधील शाखेत असलेल्या एनआरई ठेवींचे (अनिवासी भारतीयांनी परदेशातील कमाईतून येथे ठेवलेल्या रुपयांतील ठेवींचे) व्याज त्याने अमेरिकेतील विवरणपत्रांत कधीच दाखवले नसल्याचे लक्षात आले. हे व्याज करमुक्त आहे, असे त्याला मीच सांगितले होते. ते खरे आहे, पण भारतापुरतेच. अमेरिका आपल्या नागरिकांच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते. शिवाय परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर त्याची माहिती तेथील अर्थखात्याला वेगळी कळवावी लागते, आणि आईवडिलांबरोबरची संयुक्त खातीही त्यात धरली जातात.

क्लिअरन्ससाठी 2017 पासून लागू असलेल्या निकषांत आर्थिक वर्तनाला स्वतंत्र स्थान आहे, आणि विवरणपत्र न भरणे, खोटे भरणे किंवा देय कर थकवणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. देणेकरी माणूस पैशाच्या आमिषाला बळी पडू शकतो, ही एक भीती त्यामागे आहेच. पण कायद्याने घातलेले करासारखे बंधन जो पाळत नाही, तो गुपिते सांभाळण्याचे नियम तरी पाळेल का, ही शंका मला अधिक गंभीर वाटते. तरीही केवळ थकबाकी आहे म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेच्या 2014 च्या अहवालानुसार संरक्षण खात्याशी संबंधित, क्लिअरन्सला पात्र ठरलेल्या सुमारे 83,000 कर्मचारी व कंत्राटदारांकडे 73 कोटी डॉलरहून अधिक केंद्रीय कर थकलेला होता. नोकरी गेल्यामुळे किंवा आजारपणामुळे कर थकला असेल आणि त्या काळातही माणूस जबाबदारीने वागला असेल, तर ते विचारात घेतले जाते. करखात्याशी हप्ते ठरवून ते नियमित फेडणाऱ्याचीही बाजू भक्कम होते. मात्र अर्जात माहिती दडवली, तर खोटेपणाचा वेगळाच ठपका येतो, आणि तो पुसणे थकबाकी फेडण्याहून कितीतरी अवघड असते.

पुतण्याने सुधारित विवरणपत्रे भरली, कर व्याजासह चुकता केला आणि सारे काही अर्जात लिहिले. तरी निर्णय होईपर्यंत इतके महिने गेले की तो प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवला गेला. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागून राहिली आहे.

म्हणून शहरातील बँकांना माझी दोन मागण्यांची कळकळीची विनंती आहे. एनआरई ठेवीच्या पावतीवर ‘व्याज केवळ भारतात करमुक्त’ असे ठळक छापावे. दुसरे म्हणजे, आपले व्याजाचे प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचे असते, तर अमेरिकेतील करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असे धरले जाते. त्यामुळे वृद्ध आईवडिलांना पासबुकावरून आकडेमोड करत बसावे लागते. एनआरओ ठेवींवर (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नाच्या ठेवींवर) येथे कापलेल्या कराची सवलत तेथे घ्यायची, तर त्यासाठीही हेच आकडे लागतात. कॅलेंडर वर्षाचे प्रमाणपत्र जानेवारी संपण्याच्या आत, मागणी न करता, खातेदाराच्या ईमेलवर पाठवावे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, कर्वेनगर, पुणे