हीटेड व्हेस्टची वॉरंटी ‘पाण्याशी संपर्क’ या कारणावरून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
तसेच ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: थंड पाण्यातील डायव्हिंगसाठी घेतलेले हीटेड व्हेस्ट डायव्हदरम्यान बंद पडणे, वॉरंटी नाकारणे आणि पूर्ण रकमेच्या परताव्याची मागणी.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेले संभाषण शेवटचे, असे ठरवून हे पत्र लिहीत आहे. हीटेड व्हेस्ट, म्हणजे अंग गरम ठेवणारी बंडी, पाणी आत न येऊ देणाऱ्या ड्रायसूटच्या आत, उबदार अंडरसूटच्या खाली घालतात आणि ते बॅटरीवर चालते, हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी. आपल्या केंद्रात मात्र ते प्रत्येक फोनवर नव्याने सांगावे लागले, म्हणून हे पत्र थेट आपल्या नावे पाठवत आहे.

हे व्हेस्ट मी आइसलँडमधील सिल्फ्रा येथील डायव्हसाठी घेतले आणि खरेदी करताना दुकानात तसे स्पष्ट सांगितले होते. थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानातील या भेगेत लांगयोकुल हिमनदीचे पाणी लाव्हाच्या खडकांतून अनेक दशके झिरपत येते आणि बाराही महिने 2 ते 4 अंश सेल्सिअस इतके थंड असते. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते. ड्रायसूट अंग कोरडे ठेवतो, ऊब मात्र आत घातलेल्या कपड्यांतून आणि त्यांत साठलेल्या हवेतून मिळते, आणि खोलीबरोबर दाब वाढला की अंडरसूट चेपला जाऊन ती हवाही कमी होते. इन्फ्लेटरने सूटमध्ये हवा भरून ती कसर काही अंशी भरून निघते, सगळी निघत नाही. हे सारे गृहीत धरूनच आपण आपल्या जाहिरातीत ‘2 अंश पाण्यातही 70 मिनिटे एकसारखी ऊब’ असे छापले असेल, असे मी मानले आणि 38,500 रुपये मोजले.

प्रत्यक्षात घडले ते असे. बॅटरी आदल्या रात्री हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज केलेली होती, आपल्या पत्रकातील सूचनेप्रमाणे विमानात ती सामानात न टाकता सोबत नेली होती आणि व्हेस्ट मधल्या पातळीवर ठेवले होते. ‘कॅथीड्रल’ म्हणतात त्या लांब, खोल भागात आम्ही पोहोचलो आणि पाठीवरची ऊब एकाएकी गेली. नियंत्रकाचे बटण दाबून पाहिले, तर तो एकदा थरथरून गप्प झाला. पुढचा सगळा भाग आणि शेवटी डावीकडे वळून उथळ सरोवरातून बाहेर पडण्याची वाट मी उष्णतेविना काढली. पायऱ्यांपर्यंत येईस्तोवर बोटे इतकी बधिर झाली होती की इन्फ्लेटरचे बटण दाबले जात आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागत होते. माझी अवस्था पाहून मार्गदर्शकाने त्या दिवशीचा दुसरा डायव्ह रद्द केला. त्याचे पैसे परत मिळाले नाहीत.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. सुरुवातीला गरम आणि वर येताना गार, हा डायव्हरसाठी सर्वांत वाईट क्रम आहे. अंग गरम असताना रक्ताभिसरण जोरात असते आणि शरीर श्वासातल्या हवेतील नायट्रोजन वेगाने शोषते. वर येताना अंग गारठले की हातापायांकडचा रक्तप्रवाह आटतो आणि तोच वायू बाहेर पडायला वेळ लागतो. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने 2007 च्या अहवालात नेमका हाच क्रम डीकंप्रेशन आजाराचा, म्हणजे शोषलेल्या वायूचे शरीरात बुडबुडे होण्याचा, धोका वाढवतो, असे दाखवले आहे. सिल्फ्रात 18 मीटरपेक्षा खाली जाऊ देत नाहीत आणि डायव्ह लांबत नाही, म्हणून माझे निभावले. आपल्या जाहिरातीतील डायव्हर मात्र 40 मीटरवर हसत उभा आहे. त्या खोलीवर हे व्हेस्ट असेच मध्येच विझले, तर त्याचे हसू वर येईपर्यंत टिकेल का, याचा विचार आपल्यापैकी कोणी केला आहे का?

आता वॉरंटीकडे येते. व्हेस्ट आणि बॅटरी मी पुण्यातील आपल्या सेवा केंद्रात जमा केली. तेथून आलेल्या अहवालात ‘खोलीच्या तापमानाला तपासले, पूर्ण वेळ चालते, दोष आढळला नाही’ असे लिहिले आहे. त्यापाठोपाठ आलेल्या संदेशात ‘पाण्याशी संपर्क आल्याने नुकसान, वॉरंटी लागू नाही’ असे कळवले आहे. दोष नाही आणि नुकसान मात्र झाले आहे, ही दोन्ही विधाने एकाच वस्तूबद्दल कशी खरी असू शकतात, एवढेच विचारण्यासाठी मी आज फोन केला होता. जे संभाषण झाले ते शक्य तितके जसेच्या तसे देत आहे, कारण आपल्या नोंदींत ते ‘ग्राहकाला माहिती दिली’ एवढ्याच शब्दांत उरले असणार.

प्रतिनिधीने विचारले, “मॅडम, प्रॉडक्ट तुम्ही पाण्यात वापरलं होतं का?” मी म्हटले, होय, ते डायव्हिंगसाठीच बनवले आहे. बराच वेळ कीबोर्डचा आवाज आला. मग, “म्हणजे पाण्याशी संपर्क आला.” मी सांगितले की पाण्याशी संपर्क ड्रायसूटचा आला, व्हेस्ट आतमध्ये होते आणि बाहेर काढले तेव्हा पूर्ण कोरडे होते. “पण मॅडम, तुम्ही स्वतः पाण्यात होता ना?” मी म्हटले, होते. “मग सिस्टीममध्ये लिक्विड डॅमेज हाच ऑप्शन येतो.” सूटमध्ये पाणी शिरले तरी व्हेस्ट चालत राहील, असे आपल्याच खोक्यावर छापले आहे, हे मी वाचून दाखवले. त्यावर त्यांनी मला वरिष्ठांकडे जोडून दिले. वरिष्ठांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या आमच्या एकाही कस्टमरची अशी कंप्लेंट नाही.” तेथील पाणी 27-28 अंशांच्या आसपास असते, हे मी त्यांना सांगितले. क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “मग तुम्ही तिथेच का नाही केलं स्कूबा?”

मी फोन ठेवला. उत्तर सुचले नाही असे नाही, पण ते देण्यासारखे नव्हते. ते येथे देते. तारकर्लीच्या पाण्यात हे व्हेस्ट कोणी चालू केलेच, तर त्याची तक्रार थंडीची नव्हे, घामाची येईल. थंड पाण्यासाठी विकलेल्या वस्तूची पारख कोमट पाण्यातल्या ग्राहकांच्या समाधानावरून करणारी कंपनी उद्या छत्रीची परीक्षा उन्हात घेऊन ‘एकही थेंब गळला नाही’ असे प्रमाणपत्र देईल.

माझा संशय फोननंतर पक्का झाला. आपल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरात लिहिले आहे: ‘कालावधी 25 अंश सेल्सिअस तापमानात मोजलेला.’ लिथियम-आयन बॅटरीची उपयोगी क्षमता थंडीत घटते, हे बॅटरीवर चालणारी वस्तू विकणाऱ्याला सांगावे लागू नये. त्यात बॅटरीची पिशवी आपण कमरेच्या बाजूला, अगदी सूटला चिकटून राहील अशी शिवली आहे, म्हणजे ज्या वस्तूने अंग गरम ठेवायचे तीच सर्वांत गार जागी ठेवली आहे. दर्शनी बाजूला 2 अंश आणि शेवटच्या पानावर 25 अंश, हा छपाईचा दोष नाही. यालाच दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतात. शिवाय सेवा केंद्रानेही तपासणी पुन्हा खोलीच्याच तापमानाला केली. एक बादली, थोडा बर्फ आणि एक थर्मामीटर एवढी सामग्री पुण्यात सहज मिळते. दोष आढळला नाही, कारण तो जेथे आढळतो तेथे कोणी शोधलाच नाही. आणि तरीही वॉरंटी पाण्याच्या नावाखाली नाकारली, हे पुन्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या कंपनीचे मास्क आणि फिन्स मी पूर्वीपासून वापरते आणि माझ्या क्लबमधील नवख्यांना सुचवतही आले आहे. म्हणून या प्रकरणात रागाइतकाच खेदही आहे. यापुढे मी कोणाला काही सुचवणार नाही. कोणी विचारलेच, तर आपल्या सेवा केंद्राचा अहवाल आणि वॉरंटी नाकारणारा संदेश शेजारी शेजारी ठेवून दाखवीन.

व्हेस्ट व बॅटरीची पूर्ण किंमत आणि रद्द झालेल्या डायव्हचे शुल्क मला परत मिळावे. बदली व्हेस्ट नको. तसेच ‘2 अंश पाण्यातही 70 मिनिटे’ हा दावा आपण त्या तापमानात मोजून सिद्ध करावा किंवा मागे घ्यावा. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी पुण्यातील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. हा कायदा मी राहते तेथे तक्रार दाखल करण्याची मुभा देतो, त्यामुळे आपले मुख्यालय दुसऱ्या शहरात असल्याचा उपयोग होणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे स्वतंत्र तक्रार जाईल, आणि त्या कायद्यात अशा जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे आपल्या विधी विभागाने एकदा पाहून घ्यावे.

सोबत बिलाची प्रत, सेवा केंद्राचा अहवाल, वॉरंटी नाकारल्याचा संदेश, खोक्याच्या मजकुराचे छायाचित्र आणि डायव्ह कॉम्प्युटरमधील पाण्याच्या तापमानाची नोंद जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक, पुणे

ता. क. फोननंतर तासाभरात आपल्याकडून ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ पुढील खरेदीवर 10 टक्के सवलतीचे कूपन आले. ते मला नको आहे, कृपया रद्द करावे.