युक्रेनसाठी कोरियाचा दाखला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युक्रेन युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटींविषयी आपल्याकडे जे छापून येते, त्यात ट्रम्प आणि पुतिन यांच्या भेटींनाच बहुतेक जागा मिळते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी हे दोघे अलास्कात भेटले, तेव्हा ज्या देशाच्या भूमीवर लढाई चालू होती त्याच्या अध्यक्षांना तेथे बोलावलेही नव्हते, आणि युद्धविरामाविनाच ती भेट संपली. महासत्तांच्या संमतीवाचून असे युद्ध थांबत नाही हे खरे. पण त्यांची संमती पुरेशी असते, हे मात्र इतिहासाला धरून नाही.

उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या युद्धात चीन उत्तरेच्या, तर अमेरिका दक्षिणेच्या बाजूने लढत होती. १० जुलै १९५१ रोजी केसोंग येथे बोलणी सुरू झाली, तेव्हा लढाईची आघाडी बरीचशी स्थिरावली होती. तरीही पानमुनजोम येथे शस्त्रसंधीवर सह्या व्हायला २७ जुलै १९५३ उजाडले. मधल्या काळात माणसे मरत राहिली, ती मुख्यतः एका प्रश्नापायी : मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे? असे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपवावेत, हा भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडलेला तोडगा आमसभेने डिसेंबर १९५२ मध्ये मंजूर केला, परंतु सोव्हिएत संघाने आणि चीनने तो झिडकारला. पुढे ५ मार्च १९५३ रोजी स्टालिन वारले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी असे कैदी तटस्थ देशाकडे सोपवण्याची तयारी दाखवली. मॉस्कोतील बदलामुळे वाट मोकळी झाली, हे मान्य करूनही मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या क्षणी हाताशी घेण्याजोगा मेनन यांचा मसुदा तयार होता.

तो अमलात आणायला माणसेही लागली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे होते, तर सुमारे २३ हजार कैद्यांचा ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शं. पां. थोरात यांनी केले. आम्हा कोल्हापूरकरांना या नावाचा अभिमान आहे, पण त्यांनी तेथे काय केले हे नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतीय सैन्याला इतका विरोध होता, की आपल्या जवानांना त्यांच्या भूमीवरून न नेता हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.

याच ऱ्ही यांनी जून १९५३ मध्ये सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले आणि ठरत आलेला करार जवळजवळ मोडीत काढला. त्यांनी शस्त्रसंधीवर अखेरपर्यंत सही केली नाही, आणि त्यांना शांत करण्यासाठी अमेरिकेला त्याच वर्षी संरक्षण करार करावा लागला. लहान देशाला वगळून केलेली तडजोड टिकवायची, तर त्याच्या सुरक्षेची लेखी आणि बंधनकारक हमी द्यावी लागते, हे तेव्हाच दिसले होते. युक्रेनने १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे अण्वस्त्रांवर पाणी सोडले, त्या बदल्यात त्याला रशिया, अमेरिका आणि ब्रिटनकडून केवळ आश्वासने मिळाली. २०१४ मध्ये क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेला. त्यानंतर पूर्व युक्रेनमधील युद्धविरामासाठी झालेल्या मिन्स्क करारांनीही लढाई कायमची थांबली नाही. अशा देशाने आज नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

मर्यादित प्रश्नांवर मात्र याही युद्धात समेट झाला आहे. तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला झालेल्या धान्य करारात रशिया आणि युक्रेन यांनी एकाच कागदावर सह्या करण्याचे टाळले, तरी वर्षभरात सुमारे ३.३ कोटी टन धान्य काळ्या समुद्रातून बाहेर पडले. मे २०२५ मध्ये, पुन्हा इस्तंबूललाच ठरल्याप्रमाणे, दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक हजार कैदी सोडले.

‘हा युद्धाचा काळ नव्हे’ असे पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पुतिन यांना समोरासमोर सांगितले, ते योग्यच होते. पण १९५३ मध्ये आपण माणसे पाठवली होती. कैद्यांची अदलाबदल, बेपत्ता व्यक्तींचा शोध, युद्धविराम झाल्यास रेषेवरील निरीक्षण, यांपैकी जे काम दोन्ही बाजूंना मान्य होईल ते भारत आपले अधिकारी आणि जवान देऊन करील, असा स्पष्ट प्रस्ताव परराष्ट्र मंत्रालयाने मॉस्को आणि कीव्ह या दोन्ही राजधान्यांना द्यावा, आणि संसदेतील आपल्या प्रतिनिधींनी त्यासाठी आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर