सिलिंडर कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. नागरिक स्वतःच्याच जिवाबाबत बेफिकीर असतात, म्हणून सरकारला घरात शिरून सक्ती करावी लागते, असा एकंदर सूर. लिहिणाऱ्यांच्या घरी सिलिंडर कोण बदलतं, हे विचारण्याचा मोह आवरते. गॅसच्या घरोघरी तपासणीचं आपण तोंड भरून कौतुक केलंत. आमच्याकडे ती नुकतीच पार पडली, तेव्हा ती प्रत्यक्षात कशी होते तेही वाचकांना कळू द्या.

जेवणं आटोपून ओटा पुसत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण, हातात मोबाइल, पाठीवरच्या पिशवीतून नारिंगी नळ्यांची भेंडोळी डोकावताहेत. ‘काकू, गॅस चेकिंग. कंपल्सरी आहे.’ आत घेतलं. रेग्युलेटरच्या सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघेल, शेगडीच्या कळा फिरवून पाहील, स्वयंपाकघराची खिडकी उघडते का विचारेल, अशी माझी भाबडी समजूत. त्याने शेगडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट ओट्याखाली वाकला, नळी हाताने ओढली आणि निकाल दिला, ‘ही बदलावी लागेल.’

नळीची मुदत ५ वर्षांची असते, हे मलाही माहीत आहे. बॅटरी आणली आणि नळीवरची पांढरी अक्षरं त्याला मोठ्याने वाचून दाखवली. आयएसआयचा छाप आहे, गॅसच्या नळीचा मानक क्रमांक आयएस ९५७३ आहे, मुदत संपायला अजून अवकाश आहे. त्यावर उत्तर काय, तर ‘काकू, ॲपमध्ये नव्या नळीचा फोटो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.’ मग नका उघडू म्हटलं. तर म्हणे तुमचं बुकिंग बंद होईल. कुठल्या नियमाने, ते लेखी दाखवा म्हटलं. तेव्हा स्वारी विम्यावर घसरली: उद्या काही झालं तर विमा मिळणार नाही! गॅसच्या अपघातात मृत्यू झाला तर माणशी ६ लाखांपर्यंतचं संरक्षण ग्राहकाला आपोआप असतं. संसार सुरू केल्यापासून एजन्सीतल्या एकाही माणसाने या विम्याचा अवाक्षराने उल्लेख केलेला नाही. तो आठवला नळी खपवायच्या वेळी.

शेवटी आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, ‘देऊन टाक गं पैसे, जरा डोळा लागू दे.’ नळी बदलली गेली. जुनी ‘जमा करावी लागते’ म्हणून तोच घेऊन गेला. मग मला शेगडीशेजारी उभं करून फोटो काढला, ओटीपी विचारला आणि तपासणी संपली. साबणाचं पाणी कुठेच लागलं नाही. खिडकी बंद होती, ती बंदच राहिली.

इथपर्यंतही मी पत्र लिहिलं नसतं. पण त्याच आठवड्यात नवा सिलिंडर आला. पोहोचवणाऱ्याने तो जिन्यातच टेकवला आणि निघाला. सिलिंडर दारात तोलून दाखवायचा, त्यात १४.२ किलो गॅस आहे याची खात्री करून द्यायची, सील काढून गळती बघायची, हे सगळं त्याचं काम. ‘काटा आज आणला नाही.’ हा काटा मी अजून पाहिलेला नाही. असो. सील काढून रेग्युलेटर बसवला, तर वास. बघते तर झडपेतली रबरी रिंगच गायब. आणि मुठीखालच्या पट्टीवर ‘बी’ आणि दोन आकडी वर्ष. बी म्हणजे एप्रिल ते जून. ती तिमाही कधीच उलटून गेलेली.

एजन्सीला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, ‘मॅडम, ती एक्स्पायरी नसते, टाकीच्या फेरचाचणीची तारीख असते. घाबरायचं कारण नाही.’ बरोबर आहे तिचं, त्या तारखेला टाकी फुटत नसते. पण मग माझी नळी काय मुदतीच्या रात्री बारा वाजता फुटणार होती? ती तर मुदतीतही होती. त्यांची तारीख उलटली तर ‘घाबरू नका’ आणि आमची उलटायच्या आत ‘बुकिंग बंद’. भरणा केंद्रात, जिथे ही पट्टी वाचून सिलिंडर बाजूला काढायचा, तिथे कुठलं ॲप अडलं नाही ते. सिलिंडर बदलून मिळाला, पण तोवर यजमानांना दोन वेळचा चहा शेजारून आणावा लागला, आणि डोळा त्यांचाही लागला नाही.

सुरक्षेच्या मी विरोधात नाही, हे आपण कृपया लक्षात घ्यावं. गळती मला कळली ती वासामुळे. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. ते गॅस घरी येण्याआधीच मिसळून होतं. त्यासाठी कुणी दुपारी बेल वाजवत नाही की ओटीपी मागत नाही. तसाच कुकर. १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय छाप नसलेला कुकर बनवायला आणि विकायला बंदी आहे. उत्तम निर्णय. कारण तो बनवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची मानगूट धरतो. स्टीलच्या भांड्यांनाही २०२४ मध्ये छाप बंधनकारक केला. कुकर फुटतो हे समजतं, पातेल्याचं मला अजून नीटसं उमगलेलं नाही, पण तोही जाच निदान कारखानदाराला. ग्राहकाच्या ओट्याखाली शिरून, त्याला भीती घालून वस्तू विकायची आणि त्याला सुरक्षा मोहीम म्हणायचं, हा प्रकार वेगळा. अग्रलेखात आपण दोन्ही एकाच पंक्तीला बसवलेत.

आता विषय निघालाच आहे तर ई-केवायसीचंही, म्हणजे ग्राहकाची ओळख यंत्रावर पडताळण्याचंही सांगते. आमच्या मजल्यावरच्या आजी ऐंशी पार केलेल्या. आयुष्यभर धुणीभांडी करून बोटांवरच्या रेषा झिजल्यात, यंत्राला ठसा उमटत नाही. त्यांना दोनदा एजन्सीत रांगेत उभं केलं आणि ‘मुदत संपत आली’ म्हणून घाबरवलं. २०२४ च्या जुलैमध्ये खुद्द पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी यांनी ई-केवायसीला अंतिम मुदत नाही आणि सिलिंडर पोहोचवणारा ते घरीही करू शकतो, असं जाहीर केलं होतं. ते आजींच्या एजन्सीपर्यंत पोहोचलेलं दिसत नाही. सिलिंडर जिन्यातून आत न आणणारा माणूस केवायसी करायला घरात येईल, अशी आशा आजीही करत नाहीत म्हणा.

आपल्या अंकात याच मोहिमेची पाव पानाची रंगीत जाहिरात होती. हसरी गृहिणी, हसरा मेकॅनिक. तेवढ्या जागेत कधीतरी हेही छापा: सिलिंडर घेताना वजन आणि गळती दारातच तपासून मागा, पट्टीवरची तारीख बघा आणि वास आला तर १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आपली,
एक वाचक, ठाणे

(नाव छापू नये ही विनंती. सिलिंडर अजून त्याच एजन्सीचा येतो.)