बाबा, यंदा चिखलणी नाही

12 जून

ती. आई-बाबांस,
सा. न.

दादा म्हणाला, बाबा रोज दोनदा विचारतात, पेरे झाले का, आवणाची रोपं किती वर आली. फोनवर मी "होतंय" म्हणत राहिले. ते खरं नव्हतं, म्हणून हे पत्र. खालच्या दोन्ही खाचरांत यंदा चिखलणी नाही, लावणीही नाही. वळवाच्या सरीनंतर शेवटचं एकदा नांगरून साडेचार फुटांवर सऱ्या सोडल्या आणि गादीवाफे पाडून घेतले. ते आता मोडायचे नाहीत. त्या खाचरांपुरता रोपांच्या जागेवर टहाळ-पाला जाळून राबही भाजला नाही.

तुम्हाला न विचारता केलं, हे रोज टोचतं. पण विचारलं असतं तर बाबा कमरेचा पट्टा बांधून टहाळ तोडायला निघाले असते आणि आई त्यांच्यामागं. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही दोघांनी ऐकलंय.

हे माझ्या मनानं नाही केलं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा तंत्र ते हेच, आपल्याच तालुक्यातलं. लोखंडी साच्यानं वीतभर अंतरावर भोकं पाडायची, प्रत्येकात तीन-चार दाणे टाकायचे. बी तुमच्याच कणगीतलं आहे. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजली की त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात, त्यांतून पाणी मुरतं, हवा खेळते, गांडुळं येतात. माती कमीत कमी हलवायची, उघडी ठेवायची नाही आणि पिकाची पालट करायची, संवर्धित शेती म्हणतात ती एवढीच. पालट तर तुम्ही आजोबांपासून करताच, भातामागं वाल.

चिखल तुडवला की माती विरघळते आणि पहिल्या मोठ्या पावसात बांधावरून ओढ्यात, तिथून उल्हास नदीत जाते. उरते ती दिवाळीनंतर दगडासारखी होते, भेगा पडतात, वाल कसेबसे तगतात. बाबा, 2005 ला बांध फुटला तेव्हा तुम्ही ओढ्याकडून टोपलीनं माती परत आणलीत. मी इरल्याखाली बसून टोपल्या मोजत होते. तीसच्या पुढं मला मोजता येईना, तर प्रत्येक फेरीला तुम्ही थांबून आकडा सांगायचात. गादीवाफे पाडताना तेच सारखं डोळ्यांपुढं होतं. वाटलं, माझं हे सगळ्यांत आधी तुम्हालाच पटेल.

तुमचं काही चुकलं असं मुळीच नाही. त्याच चिखलानं आम्हाला शिकवलं. वरचं खाचर तुमच्या पद्धतीनंच आहे, तिथलं आवण छान हिरवं झालंय. लावणीला आईनं बांधावर बसायचं, वाकायचं नाही. सर्जा-पवळ्याही कुठं जाणार नाहीत, शेण तर लागणारच.

एका गोष्टीवर बाबा रागावतील. चिखल नाही म्हणजे तण जास्त, निदान पहिल्या वर्षी तणनाशक मारावं लागेल. मलाही ते आवडत नाही. पुढं पेंढ्याचं आच्छादन वाढवून ते कमी करायचं बघते. फवारणीच्या दिवशी मात्र तुम्ही दोघांनी शेताकडं फिरकायचं नाही, गुरंही तिकडं सोडायची नाहीत.

मोरीत धरायला दांडा बसवलाय. बाबांची कॉट खिडकीशी घेतली, तिथून खालची खाचरं पडल्यापडल्या दिसतात. अंगणातली निसरडी फरशी काढून टाकली. आई, चूल मी सकाळी पेटवून देत जाईन, तू फुंकणी हातात धरू नकोस, खोकला अजून गेलेला नाही.

रात्रीची गोळी जेवल्यावरच घ्यायची, बाबा. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. लोकलनं यायचा हट्टही नको, मी रविवारी गाडी घेऊन येते. पेरणी तुम्ही आल्यावरच करू, पहिलं भोक बाबांच्या हातचं.

आणि आई, वालाचं बी कोणत्या मडक्यात ठेवलंयस? राख बदलायला हवी, फोनवर सांग.

तुमची,
बाय