ख्रिस्ती धर्म 313 मध्ये राजधर्म झाला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील रोमविषयक लेखात, सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला राजधर्म केले आणि 325 च्या निकिया येथील बिशपांच्या परिषदेने बायबलमधील पुस्तके ठरवली, असे म्हटले आहे. हा समज फार रुळलेला आहे, परंतु त्यातले एकही विधान खरे नाही.

कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट लिसिनियस यांच्यात मिलान येथे जे ठरले, ते लिसिनियसने 13 जून 313 रोजी निकोमेडियात पत्ररूपाने जाहीर केले. लॅक्टँटियस आणि युसेबियस या समकालीन लेखकांमुळे त्याचा मजकूर आज आपल्याला वाचता येतो. ख्रिस्ती लोकांना आणि इतर सर्वांनाही आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक त्यात दिली आहे. पुढचा बराच भाग तर मालमत्तेचा आहे: छळाच्या काळात जप्त झालेल्या प्रार्थनेच्या जागा काहीही मोबदला न घेता परत कराव्यात आणि ज्यांनी त्या विकत घेतल्या असतील त्यांनी भरपाईसाठी सरकारी अधिकाऱ्याकडे दाद मागावी. मला हा भाग सर्वांत बोलका वाटतो, कारण जागाजमिनी बाळगणारा हा समाज राजाश्रय मिळण्याआधीच उभा होता, हे त्यातून दिसते.

तो कसा उभा राहिला, हे सीरियातील ड्युरा-युरोपस येथे पाहता येते. तिथल्या एका साध्या राहत्या घरातील दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची जागा केली होती. शेजारच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचा हौद होता आणि भिंतींवर मेंढपाळाचे व पाण्यावर चालणाऱ्या येशूचे चित्र होते. इ.स. 256 च्या सुमारास इराणच्या सासानी राजवटीच्या आक्रमणाच्या भीतीने तटबंदीला मातीची भर घातली गेली, तिच्याखाली हे घर गाडले गेले आणि म्हणूनच टिकले. त्याआधी काही वर्षे, 250 मध्ये, डेशियस सम्राटाच्या हुकमाने प्रत्येकाला देवतांना बळी अर्पण केल्याचा दाखला घ्यावा लागला होता. ‘मी तुमच्यासमोर अर्घ्य दिले आणि प्रसाद चाखला’ अशा आशयाचे, अधिकाऱ्यांच्या सह्यांचे पपायरसवरील दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. ज्यांनी तो दाखला नाकारला त्यांच्या धैर्याचे श्रेय सम्राटाच्या खात्यावर जमा होऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र लिहिण्याची तळमळ आहे.

कॉन्स्टंटाइनने चर्चला उदार हस्ते मदत केली, हे खरेच आहे; पण त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 337 मध्ये, मृत्युशय्येवर. निकियात वाद झाला तो, येशू देवपित्याच्या बरोबरीचा नाही असे मानणाऱ्या एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीवर आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखेवर; पुस्तकांच्या यादीचा निर्णय तिथे झाला नाही. आजच्या नव्या करारातील नेमकी 27 पुस्तके अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने 367 च्या पत्रात नोंदवली. निकियाच्या श्रद्धेला साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरवणारा हुकूम सम्राट थिओडोशियसने 27 फेब्रुवारी 380 रोजी थेस्सलोनिका येथून काढला, म्हणजे मिलाननंतर तब्बल 67 वर्षांनी.

पुढील पुरवणीत ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वसई